टिकणारा खाऊ व न टिकणारें काम

राजांचा, युद्धांचा व मोठमोठ्या शोधांचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांस वर्गांत शिकावयास मिळतोच. परंतु पांच-दहा रुपयांच्या खाऊच्या पाकिटालाही इतिहास असतो व तो वाचण्यासारखा असतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. आंत क्रीम भरलेले लहानसे केक पाकिटांत बंद करून विकण्याची चाल आतां आपल्याकडील दुकानांतही रुळली आहे. या जातीच्या खाऊंत अत्यंत नांवाजलेला केक म्हणजे अमेरिकेंतील ट्विंकी होय. या ट्विंकीची हकीकत आम्ही आज विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहों. ती मनोरंजक आहेच. पण तिच्यांत एक प्रश्नही दडलेला आहे, व त्याविषयींचें आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. हा खाऊ जसजसा अधिक दिवस टिकूं लागला, तसतसें तो करणाऱ्यांचें व दुकानोदुकानीं पोचविणाऱ्यांचें काम टिकेनासें झालें. लोकांनीं ट्विंकीवर नाना प्रकारचे दोष लादले. ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत आली.

ट्विंकीचा जन्म १९३० सालच्या एप्रिल महिन्यांत शिकागो शहराजवळ झाला. १९२९ सालच्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतर अमेरिकेंत मंदीचे दिवस आले होते. कारखाने बंद पडत होते व लोक पै-पैचा हिशेब करून खरेदी करीत होते. काँटिनेंटल बेकिंग कंपनीच्या बेकरीचे व्यवस्थापक जेम्स डेवर हे अशा वेळीं एखादा नवा व स्वस्त खाऊ शोधीत होते. डेवर यांचा जन्म १८९७ सालचा. बेकरीच्या धंद्यांत त्यांनीं आपली सुरुवात घोडागाडींतून माल पोचविण्याच्या कामापासून केली होती. यामुळें बेकरीच्या भट्टीपासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंतची सारी वाट त्यांच्या परिचयाची होती. बेकरींत लहान लांबट केकांचे सांचे होते. स्ट्रॉबेरीच्या हंगामांत त्यांत केक भाजीत व त्या फळांबरोबर विकीत. हंगाम संपला कीं ते सांचे व त्यांबरोबरचीं यंत्रें पुढील वर्षापर्यंत रिकामीं पडून राहत. डेवर यांना वाटलें, स्ट्रॉबेरी नसेल तर केळें आहे. केळ्याच्या स्वादाचें क्रीम याच केकांत भरावें म्हणजे सांच्यांना बारा महिने काम मिळेल.

कल्पना ठरली; आतां नांव हवें होतें. कांहीं कामासाठीं सेंट लुई शहरीं गेले असतां डेवर यांच्या दृष्टीस ‘ट्विंकल टो’ नांवाच्या पादत्राणांची जाहिरात पडली, आणि तिच्यावरून त्यांनीं ट्विंकी हें नांव बनविलें. दोन केकांचें एक पाकीट पांच सेंटांस विकूं लागले, आणि मंदीच्या दिवसांतही लोकांनीं तें आवडीनें घेतलें.

या जन्मकथेंत आम्हांस खरोखर कौतुक करण्यासारखें कांहीं दिसतें. नवी यंत्रसामग्री आणण्यासाठीं कर्ज काढण्यापेक्षां आहे ती सामग्री रिकामी बसूं न देणें, ही चांगल्या गृहिणीची काटकसर आहे. रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळीं फोडणीचा भात करणाऱ्या आमच्या आयाबहिणींस ती कोणी शिकविण्याची गरज नाहीं. शिवाय सांचे चालू राहिले म्हणजे ते चालविणारे हातही चालू राहतात. १९३० सालीं ही गोष्ट लहान नव्हती.

आरंभींच्या ट्विंकींत माणसाच्या हातापायांचा बराच भाग होता. क्रीम भरण्याचा पंप पायानें दाबावा लागे. पाय जरा अधिक जोरानें पडला कीं केकांत क्रीम जास्त जाई. अंडीं, दूध, लोणी असे नासणारे पदार्थ त्यांत असल्यामुळें हा केक दोन दिवसच चांगला राही. म्हणून विक्रेत्यांस दर दोन दिवसांनीं दुकानांत जाऊन जुना माल उचलावा व ताजा ठेवावा लागे. हे ‘दोन दिवस’ वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत केळीं दुर्मिळ झालीं, तेव्हां केळ्याच्या क्रीमच्या जागीं व्हॅनिलाच्या स्वादाचें क्रीम आलें. लोकांना तेंच आवडूं लागलें व युद्ध संपल्यावरही तें कायम राहिलें. अडचणीपोटीं केलेली योजना पुढें रूढि होऊन बसते, याचें हें एक लहानसें उदाहरण आहे.

आतां हा केक कारखान्यांत कसा होतो तें पाहूं. मैदा, साखर, पाणी, मक्यापासून केलेला गोड पाक, तेल किंवा चरबी, अंडीं व इतर पदार्थ एकत्र घोटून त्यांचें सरबरीत मिश्रण करतात. तें यंत्रानें सांच्यांच्या रांगांत ओतलें जातें, आणि सांचे भट्टींतून पुढें सरकत जातात. सुमारें दहा मिनिटांत केक भाजून तयार होतो. या वेळीं त्याची गोलसर बाजू सांच्याच्या तळाशीं व सपाट बाजू वर असते. त्या सपाट बाजूंत तीन ठिकाणीं बारीक नळ्या शिरतात व क्रीम आंत सोडतात. मग केक उलटा केला कीं गोलसर बाजू वर येते आणि तीं तीन भोंकें तळाशीं जातात. खाणाऱ्यास वाटतें, क्रीम आंत गेलें तरी कोठून! या क्रीममध्यें दुधावरची साय नसते, हेंही येथें सांगितलें पाहिजे; तें मुख्यतः साखर व तेल-चरबी यांचें, हवा मिसळून हलकें केलेलें मिश्रण असतें.

पाकिटाच्या मागील बाजूस घटकांची जी यादी असते, तिच्यावर स्टीव्ह एटलिंगर या अमेरिकन लेखकानें २००७ सालीं एक संपूर्ण पुस्तकच प्रसिद्ध केलें. पाकिटावरील अमुक पदार्थ कोठून येतो, असें घरांतील मुलांनीं विचारलें, व उत्तर देतां येईना म्हणून तो त्या पदार्थांचा माग काढीत हिंडला. त्याला काय आढळलें? केक फुगविणाऱ्या सोड्याचें मूळ वायोमिंग संस्थानांतील जमिनीखालच्या खाणींत होतें. तेथें ट्रोना नांवाचें खनिज निघतें. पाक आणि स्टार्च मक्याच्या शेतांतून आले होते, व तेल सोयाबीनच्या शेतांतून. मैदा करतांना दळणांत जीं सत्त्वें निघून जातात, त्यांतील लोह व कांहीं जीवनसत्त्वें मागाहून पुन्हां मैद्यांत मिसळलेलीं होतीं. पांढऱ्या पिठास असें पुष्ट करण्याची पद्धति अमेरिकेंत १९४० नंतरच्या दशकांत पडली. शेत, खाण व रसायनशाळा या तिन्हींची भेट या तीन-चार इंचांच्या केकांत झालेली असते.

येथें एक इशारा देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. यादींत अवघड नांव दिसलें कीं तें विषच असलें पाहिजे, असा ग्रह करून घेणें शिकलेल्या माणसास शोभत नाहीं. सोडियम बायकार्बोनेट हें नांव भीतिदायक वाटतें. पण ढोकळा व नानकटाई यांसाठीं घरोघर वापरतात तो खाण्याचा सोडा तोच. उलट, साखर हें नांव कानास गोड व ओळखीचें असलें तरी ती रोज वाटेल तितकी खाणें हिताचें नाहीं. ट्विंकीची साखर व चरबी हाच तिचा खरा आरोग्यदोष आहे. तो समजण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. बाकीचे पुष्कळसे पदार्थ एका विशिष्ट कामासाठीं आलेले आहेत. लोण्याच्या जागीं न खवटणारी चरबी आली. अंड्यांचें बरेचसें काम तेल व पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांकडे गेलें. पाकानें ओलावा धरून ठेवला. सॉर्बिक आम्लानें बुरशी अडविली. या साऱ्यांचा हेतु एकच कीं केक अधिक दिवस टिकावा.

या टिकाऊपणावरून मग दंतकथा उठल्या. ट्विंकी कधींच नासत नाहीं, जगबुडी झाली तरी ती शिल्लक राहील, असें लोक थट्टेनें म्हणूं लागले व कित्येकांस तें खरेंही वाटूं लागलें. मेन संस्थानांतील एका शाळेंत १९७६ सालीं विद्यार्थ्यांनीं रसायनाच्या तासास हाच प्रश्न काढला. शिक्षकांनीं ट्विंकीचें पाकीट मागविलें, एक केक स्वतः खाल्ला व दुसरा फळ्याच्या वर ठेवून दिला. तो तेथें तीस वर्षांहून अधिक काळ राहिला; वाळला, ठिसूळ झाला, पण सडला नाहीं. तेवढ्यावरून दंतकथा सिद्ध झाली म्हणावें, तर दुसरा पुरावा निराळें सांगतो. एका गृहस्थानें २०१२ सालीं विकत घेऊन तळघरांत ठेवलेल्या ट्विंकी आठ वर्षांनीं उघडल्या, तेव्हां एकीवर डाग पडला होता व एक तर बुरशीनें आक्रसून गेली होती. पश्चिम व्हर्जिनिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं त्यांची तपासणी करून बुरशीची जात ओळखली. कोरड्या हवेंत उघडी राहिलेली ट्विंकी वाळते. बुरशीचें बीज आधींच आंत शिरलेलें असेल तर ती नासते. सृष्टीचा नियम तिच्यासाठीं बदललेला नाहीं. विक्रीच्या दृष्टीनें पाहिलें तर तिची मुदत पुष्कळ वर्षें सुमारें २६ दिवसांचीच होती.

दुसरा आरोप याहून गंभीर होता. सॅन फ्रान्सिस्को शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी व नगरसभेचे सभासद हार्व्ही मिल्क यांचा २७ नोव्हेंबर १९७८ रोजीं खून झाला. खुनी डॅन व्हाइट हा त्याच नगरसभेचा माजी सभासद होता. १९७९ सालीं खटला चालला, तेव्हां त्याच्या बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं तो खिन्नतेच्या विकारानें पछाडलेला होता. आणि पूर्वी शरीराची काळजी घेणारा हा मनुष्य हलकासलका गोड खाऊ खाऊं लागला होता, हें त्या विकाराचें एक लक्षण म्हणून दाखविण्यांत आलें. ज्यूरीनें त्याला खुनाऐवजीं कमी दर्जाच्या मनुष्यवधाच्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरविलें. लोक संतापले, व ट्विंकी खाल्ल्यामुळें खून झाला असा बचाव न्यायालयानें मान्य केला, अशी समजूत सर्वत्र पसरली. वस्तुतः तसा बचाव कोणी केलाच नव्हता. तरीही ‘ट्विंकीचा बचाव’ हा शब्दप्रयोग अमेरिकेंत रूढ होऊन बसला. माणसाच्या करणीचा भार एखाद्या निर्जीव वस्तूवर टाकणें किती सोपें असतें, हें यावरून दिसून येतें.

आतां आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतों. ट्विंकीची कंपनी पुढें अनेकांच्या हातांतून गेली. २००४ सालीं तिनें एकदां दिवाळखोरीचा अर्ज केला होता. जानेवारी २०१२ मध्यें ‘होस्टेस ब्रँड्स’ या नांवानें तिनें दुसऱ्यांदा तसाच अर्ज केला. त्याआधीं, २०११ सालीं, कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या निधींत द्यावयाचे हप्ते भरणें कंपनीनें थांबविलें होतें. मग कामगारांस पगारांत ८ टक्के कपात व इतर सवलतींतही कपात मान्य करण्यास सांगण्यांत आलें. गाडीवाल्यांच्या संघानें तें थोड्या मताधिक्यानें मान्य केलें. बेकरी-कामगारांच्या संघानें नाकारलें व नोव्हेंबरांत संप पुकारला. १६ नोव्हेंबर २०१२ रोजीं कंपनीनें कायमचा कारभार आटोपण्याचें जाहीर केलें. तिसांहून अधिक बेकऱ्या व साडेपांचशेंहून अधिक वितरणकेंद्रें बंद झालीं, आणि सुमारें १८,५०० माणसें कामास मुकलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस, कारभार आटोपण्याच्या कामासाठीं थांबणाऱ्या १९ अधिकाऱ्यांस मिळून सुमारें १८ लाख डॉलरपर्यंत जादा रक्कम देण्यास दिवाळखोरीच्या न्यायालयानें मान्यता दिली.

या बातमीनें देशभर लोक दुकानांकडे धांवले. त्यांना हळहळ कशाची वाटली? ट्विंकी मिळणार नाहीं याची. पाकिटें साठविलीं गेलीं, व लिलावांत त्यांना भलत्याच किंमती मागण्यांत आल्या. खाऊविषयीं एवढें प्रेम व तो भाजणाऱ्यांविषयीं एवढें मौन पाहून आम्हांस खेद होतो. संपाचा निर्णय शहाणपणाचा होता कीं नव्हता, यावर दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. परंतु कंपनीवर कर्जाचा डोंगर भट्टीपुढें उभ्या राहणाऱ्या माणसानें चढविला नव्हता, एवढें तरी सर्वांनीं मान्य करावें.

ट्विंकी मात्र परत आली. दोन गुंतवणूकदार मंडळ्यांनीं मिळून ४१ कोटी डॉलरांस तिचें नांव, कृति व कांहीं बेकऱ्या विकत घेतल्या, आणि १५ जुलै २०१३ रोजीं ती पुन्हां दुकानांत दिसूं लागली. या वेळीं तिची मुदत ४५ दिवसांची होती. पुढें ती ६५ दिवसांपर्यंत गेली. कॅन्सस संस्थानांतील एम्पोरिया गांवीं सुमारें दोन कोटी डॉलर खर्चून स्वयंचलित यंत्रें बसविण्यांत आलीं. २०१५ च्या सुमारास तेथें सुमारें ५०० कामगार दिवसास दहा लाखांहून अधिक ट्विंकी तयार करीत. पूर्वी तेवढ्या उत्पादनास १४ कारखाने व सुमारें ९,००० माणसें लागत असत. दुकानोदुकानीं जाणाऱ्या कंपनीच्या गाड्याही बंद झाल्या. माल मोठाल्या गोदामांत जाऊन पडूं लागला. नोव्हेंबर २०२३ मध्यें जे. एम. स्मकर या कंपनीनें हा सारा धंदा सुमारें ५६० कोटी डॉलरांस विकत घेतला. दहा वर्षांत ४१ कोटींचे ५६० कोटी झाले!

आतां आरंभींचे ते ‘दोन दिवस’ आठवावे. केक दोन दिवस टिकत होता तोंवर प्रत्येक मोठ्या शहरापाशीं बेकरी हवी होती, आणि प्रत्येक दुकानापर्यंत एक दिवसाआड जाणारा माणूस हवा होता. डेवर स्वतः असाच माल पोचवितां पोचवितां वर चढले. मुदत ६५ दिवसांची झाली कीं माल एके ठिकाणीं करून हजार मैलांवर धाडतां येतो. गांवोगांवचा भट्टीवाला व गाडीवाला यांचें निकडीचें कारण उरत नाहीं. यंत्रांनीं त्यांची संख्या कमी केली हें खरें, पण एका ठिकाणच्या यंत्रांनीं साऱ्या देशास पुरवावें हें शक्य झालें, त्यांत या वाढलेल्या मुदतीचा वांटा मोठा आहे. नासकेपणाची आपण निंदा करतों. पण ताजेपणाच्या निकडीवर हजारों घरांच्या चुली पेटत असतात, हें आपण विसरतों. गोव्यांत सायकलीवरून भोंपू वाजवीत दारोदार पाव घालणारा पोदेर याच कारणानें टिकून आहे. सकाळचा पाव सायंकाळीं चिवट होतो, म्हणून तो पुन्हां येतो.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय यंत्रें मोडावीं व पायानें दाबावयाचा पंप परत आणावा?’ आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. दिवसभर पंप दाबीत राहणें हें कांहीं मनुष्यजन्माचें सार्थक नव्हे, आणि यंत्रानें ते कष्ट वांचविले असतील तर यंत्राचें आम्ही स्वागतच करूं. टिकाऊ अन्नानें दुष्काळांत, प्रवासांत व दूरच्या खेड्यांत माणसें जगतात, हेंही आम्ही जाणतों. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं ९,००० माणसांचें काम ५०० माणसें करूं लागलीं, तेव्हां जो लाभ झाला त्याचा कांहीं वांटा उरलेल्यांच्या वांट्यास कां येऊं नये? ज्यांचा निवृत्तिवेतनाचा हप्ता थांबला, ज्यांनीं वीस-वीस वर्षें पहांटे भट्टी पेटविली, त्यांचा त्या ५६० कोटींशीं कांहींच संबंध नाहीं काय? कायद्याच्या दृष्टीनें नसेल. पण न्याय हा शब्द कायद्याहून मोठा आहे, असेंच आम्ही वर्गांत शिकवितों.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे असें समजून आमच्या विद्यार्थ्यांनीं निश्चिंत राहूं नये. त्यांतील कोणी उद्यां कारखानदार होईल, कोणी यंत्रें बनवील, कोणी हिशेबनीस वा वकील होईल, आणि पुष्कळजण भट्टीपुढें किंवा गाडीवर उभे राहतील. जे पहिल्या वर्गांत जातील त्यांच्या हातून असे निर्णय होतील; त्या वेळीं कागदावरील आंकड्यांमागें घरें आहेत, हें त्यांना आठवावें. आणि ती संवय एकाएकीं लागत नाहीं. ती लहान वस्तूंपासून लावून घ्यावी लागते.

म्हणून पुढील वेळीं खाऊचें पाकीट हातीं येईल तेव्हां विद्यार्थिमित्रांनीं तें उलटून पाहावें. त्यावर घटक छापलेले असतात, मुदत छापलेली असते, किंमत व कारखान्याचा पत्ताही छापलेला असतो. हें सर्व वाचावें, व जें छापलेलें नसतें तें विचारावें: हें कोणीं केलें, त्याला काय मिळालें, आणि उद्यां त्याचें काम राहणार आहे कीं नाहीं? एटलिंगरच्या घरांतील मुलांच्या एका प्रश्नावरून एक पुस्तक झालें. मेन संस्थानांतील वर्गाच्या एका प्रश्नावरून तीस वर्षांचा प्रयोग झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतूनही कांहीं चांगलें निपजेल, अशी आम्हांस आशा आहे.